शून्य कुठं, ते मशीनला कोण सांगणार?

मेस्तकाकांची पत्रपेटी

संपादकांनी पत्रांची पिशवी हातात दिली तेव्हा वाटलं, नेहमीसारखी पंपाची आणि मिक्सरची गाऱ्हाणी असतील. पण गेल्या खेपेला लेथबद्दल, म्हणजे धातूचा तुकडा (आमच्या भाषेत जॉब) फिरवून कापणाऱ्या यंत्राबद्दल, लिहिताना जाता जाता सीएनसीचं, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीनचं, नाव काढलं होतं, बहुतेक पत्रं त्यावरच निघाली. त्यातली सहा घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी माझी ओळख: १९७८ साली मांडवीकाठच्या एका वर्कशॉपमध्ये बार्जींच्या प्रोपेलर शाफ्टवर हात काळे करायला लागलो, पुढं कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःची शेड टाकली. आता शेड पुतण्या बघतो आणि मी त्याच्या कामात नाक खुपसतो.

मेस्तकाका, मी आयटीआयला टर्नर ट्रेडच्या पहिल्या वर्षाला आहे. सहा महिने झाले, साध्या लेथवर हँडव्हील फिरवतोय. बाहेर सगळीकडं सीएनसी. तिथं म्हणे आकडे टाइप केले की जॉब तयार. मग आमचा वेळ कशाला घालवतात?
— एक विद्यार्थी, फोंडा तालुका

आधी तुला १९९६ ची एक संध्याकाळ सांगतो. शेडमध्ये पहिलं सीएनसी लेथ येऊन तीन आठवडे झाले होते. फॅनुक या जपानी कंपनीचा कंट्रोल, म्हणजे मशीनला आज्ञा देणारा संगणक, छोटासा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. ६० मिलिमीटरच्या शाफ्टवर शेवटचा कट संपला, आता टूल बाहेर काढायचं होतं. मी टाइप केलं : जी ०० एक्स १००. म्हणजे, झटकन १०० मिलिमीटर व्यासावर जाऊन थांब. बटण दाबलं, आणि टूल बाहेर यायच्या ऐवजी सरळ शाफ्टच्या पोटात घुसलं. इन्सर्टचा, म्हणजे टूलच्या टोकावरच्या कापणाऱ्या तुकड्याचा, चुरा झाला, होल्डर वाकला, टूलं धरणारं टरेट जाग्यावरून सरकलं. शेजारचा मोटर वाइंडिंगवाला हातातली तार टाकून धावत आला, त्याला वाटलं छप्पर पडलं. बंगळूरहून माणूस येऊन टरेट सरळ करीपर्यंत चार दिवस मशीनवर ताडपत्री होती.

चूक एवढीच, की १०० च्या पुढं टिंब द्यायचं राहिलं. त्या कंट्रोलच्या सेटिंगमध्ये बिनटिंबाचा आकडा म्हणजे मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा भाग. मी म्हटलं शंभर मिलिमीटर, त्यानं ऐकलं ०.१ मिलिमीटर, आणि इमानदारीत तिथं निघालं. मिनिटाला पंधरा-वीस मीटरच्या वेगानं. वाटेत शाफ्ट आहे हे त्याला कुणी सांगितलं होतं?

साध्या लेथवर ही चूक करायची म्हटली तरी जमत नाही. टूल जॉबला टेकलं की आधी मनगटाला कळतं. सीएनसीत ते मनगट काढून तिथं सर्व्हो मोटर बसवली आहे. मोटर एक बॉल स्क्रू फिरवते. स्क्रू आणि नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरत असतात, त्यामुळं तुझ्या लेथच्या हँडव्हीलला जो प्ले जाणवतो तो इथं जवळजवळ नसतो. मोटरच्या मागं एन्कोडर असतो, तो किती फिरलं ते मोजून कंट्रोलला परत सांगतो. समज, स्क्रूचा पिच १० मिलिमीटर आहे आणि एन्कोडर एका फेऱ्यात दहा हजार खुणा मोजतो. मग एक खूण म्हणजे एक मायक्रॉन. कंट्रोल सेकंदाला शेकडो वेळा विचारतो, कुठं पाठवलं होतं आणि कुठं पोचलंस, आणि फरक मिटवत राहतो. सगळी जादू ती एवढीच.

प्रोग्राम म्हणजे या मोटरींना दिलेल्या ओळीवार आज्ञा. जी ०१ एक्स ४०.० झेड -५०.० एफ ०.२ याचा अर्थ, सरळ रेषेत काप, व्यास ४० ठेव, तोंडापासून ५० मिलिमीटर आत जा आणि जॉब धरून फिरवणाऱ्या चकाच्या दर फेऱ्याला ०.२ मिलिमीटर पुढं सरक. जी ०२ आणि जी ०३ नं गोलाई येते, एक घड्याळाच्या दिशेनं, दुसरी उलट. एम ०३ नं स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा, फिरतं, एम ०८ नं कूलंट, म्हणजे टूल थंड ठेवणारं पाणी, सुरू होतं, एम ३० नं प्रोग्राम संपतो. दोन आठवड्यांत पाठ होतं. तुझ्यापेक्षा लहान पोरं मोबाइलवर याहून अवघड काही पाठ करतात.

पण ‘तोंडापासून ५०’ म्हटलं, तर तोंड कुठं आहे? मशीनला फक्त स्वतःचं घर, म्हणजे अक्षांची ठरलेली सुरुवातीची जागा, माहीत असतं. चकात तू जॉब किती बाहेर काढून धरलास, टूल किती लांब बसवलंस, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. ते तू सांगायचं. जॉबचं तोंड साफ करायचं, टूल तिथंच ठेवून कंट्रोलला सांगायचं की हा झेडचा शून्य. मग बाहेरून हलकासा कट घ्यायचा, स्पिंडल थांबवायचं, मायक्रोमीटर लावायचा. ४९.८२ आलं तर ४९.८२ भरायचं. आता त्याला व्यास कळला. तुझ्या मायक्रोमीटरनं दोन शतांश चुकीचं सांगितलं, तर पुढचे पाचशे पीस दोन शतांशानं चुकीचे निघतील, आणि सगळे अगदी एकसारखे.

मायक्रोमीटर किती घट्ट धरायचा, हे तू आत्ता शिकतोयस. कापताना आवाज बदलला की टूल बोथट झालं, चिप निळी पडली की उष्णता कुठं जातेय, बारीक लांब शाफ्ट टूलच्या दाबानं मागं कसा लवतो, हेही. एक हिशेब करून बघ. एचएसएसच्या (हाय स्पीड स्टीलच्या) टूलनं साधं लोखंड मिनिटाला साधारण ३० मीटर वेगानं कापतोस. ४० मिलिमीटर व्यासाला ते २४० आरपीएम होतात. हजार गुणिले तीस, भागिले पाय (३.१४) गुणिले चाळीस. कार्बाइड इन्सर्ट तेच लोखंड दीडशे मीटरनं सहज कापतं, म्हणजे १२०० आरपीएमच्या आसपास. सूत्र तेच, वेग पाचपट, आणि तुझ्या चुकीला मिळणारा वेळ पाचव्या हिश्शाचा.

सहा महिने थोडे वाटतात मला. चिडू नकोस.

सीएनसीचा शोध कोणी लावला? जपान्यांनी की अमेरिकनांनी? आमच्या घरी यावरून वाद झाला.
— निवृत्त शिक्षक, डिचोली

वादात अमेरिकेची बाजू घेतलेल्याला चहा पाजा, गुरुजी. मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटीचे जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पंख्याची पाती बनवत. पात्याच्या वळणाचा साचा कापायला आधी मोजके बिंदू घेऊन मधली गोलाई कानशीनं जुळवायची पद्धत होती. त्यांच्या जोडीच्या फ्रँक स्ट्युलेन यांनी पंचकार्डच्या मशीनवर गणित करून दोनशे बिंदू काढले. मग मशीनवर काय चालायचं, तर एक जण कागदावरचे आकडे मोठ्यानं वाचणार, दुसरा एका दिशेचं चाक फिरवणार, तिसरा दुसऱ्या दिशेचं. आरतीसारखं. हे वाचल्यापासून मला ते तिघं डोळ्यांसमोर दिसतात. तिघांच्या जागी यंत्र बसवावं, ही कल्पना त्यातूनच आली. १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाचं कंत्राट मिळालं, एमआयटीची सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळा त्यात आली आणि १९५२ मध्ये सिनसिनाटी कंपनीचं एक मिलिंग मशीन भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालवून दाखवलं. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते आणि बंगळूरची एचएमटी जन्मायची होती. ती १९५३ ची.

त्या मशीनच्या आज्ञा व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेलं कपाट वाचायचं. त्यात आजच्या अर्थानं संगणक नव्हता, म्हणून नाव नुसतं एनसी, न्यूमेरिकल कंट्रोल. पुढचं ‘सी’, कॉम्प्युटरचं, १९७० च्या दशकात छोटे संगणक आणि मायक्रोप्रोसेसर आल्यावर लागलं. जपान्यांचा मानही थोडा राखू या : फुजित्सूतून १९७२ मध्ये वेगळ्या झालेल्या फॅनुकनं हे कंट्रोल जगभरच्या लहान शेडींपर्यंत पोचवले. आणि कुणाला आणखी मागं जायचं असेल, तर भोकांच्या पुठ्ठ्यांनी विणकाम चालवणारा जॅकार्डचा माग १८०४ चा.

काका, मी वेर्ण्याला सीएनसी लेथ चालवतो. सकाळी माप बरोबर, दहा-बारा पीसनंतर व्यास सरकायला लागतो. ऑफसेट (कंट्रोलमध्ये मापाची दुरुस्ती) देतो, परत सरकतो. मशीन खराब आहे का?
— ऑपरेटर, पहिली शिफ्ट

आधी बघ, कसा सरकतो. तासा-दीड तासात सरकून मग स्थिरावत असेल, तर मशीन तापतंय. स्पिंडल, बॉल स्क्रू, सगळंच. शिफ्ट सुरू झाल्यावर वीस मिनिटं जॉब न लावता स्पिंडल आणि दोन्ही अक्ष फिरवून घे. व्यास दिवसभर कणाकणानं वाढतच असेल, तर इन्सर्ट झिजतंय. एकदम उडी मारली, तर इन्सर्टचा कोपरा उडालाय नाहीतर जॉब चकात सरकलाय. तिथं ऑफसेट देणं म्हणजे तापाच्या माणसाला पावडर लावणं.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. तू जॉब काढल्या काढल्या मोजतोस का? पोलादाचा एक मीटर एका अंशाला ११-१२ मायक्रॉन वाढतो. १०० मिलिमीटरचा जॉब खोलीपेक्षा पंधरा अंशांनी गरम असेल, तर सतरा-अठरा मायक्रॉन जाडा दिसेल. बेअरिंगच्या बैठकीला एच सिक्स टॉलरन्स असेल, तर या मापाला अख्खी मुभाच २२ मायक्रॉनची. तू जाडा बघून ऑफसेट कमी करतोस, जॉब थंड होऊन खाली जातो, आणि इन्स्पेक्शनवाला तुझ्या नावानं बोंब मारतो. जॉब कूलंटच्या पाण्यात दोन मिनिटं ठेव, पूस, मग मोज.

होंड्याला माझं छोटं वर्कशॉप आहे. ट्रक, लोडर, पंप यांच्या पिना आणि बुश करतो, दोन साधी लेथ. मुलगा म्हणतो कर्ज काढून सीएनसी घेऊ, नाहीतर सगळी कामं बेळगावला जातील. घेऊ का?
— वर्कशॉप मालक, सत्तरी

मुलाचं म्हणणं खोटं नाही, बेळगावच्या उद्यमबागेतल्या शेडी आपली कामं नेतात हे मीही बघतो. पण कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी गेल्या वर्षाची बिलं काढून बसा. एकाच मापाचे किती नग एका वेळी केलेत, एवढंच बघायचं.

तुमच्या लेथवर एक पिन वीस मिनिटांत होते म्हणा. सीएनसीवर ती चार मिनिटांत होईल, पण आधी प्रोग्राम, जॉज (चकाचे जबडे), टूलं आणि शून्य लावण्यात दोन तास जातील. आठ पिनांना सीएनसीचे १५२ मिनिट, तुमचे १६०. म्हणजे आठपर्यंत बरोबरी. पन्नास पिनांना साडेपाच तासांच्या आत काम संपतं, हातानं जवळजवळ सतरा तास. दोनशेला विचारूच नका. पण दुकानाच्या दारात ट्रक उभा करून ‘पात्रांव (मालक), एकच पिन, आत्ताच्या आत्ता’ म्हणणारं गिऱ्हाईक असेल, तर तुमचं जुनं लेथ सोन्याचं आहे. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा हप्ते चालू असलेल्या लोकांचे चेहरे मी बघितले आहेत. माझं मत विचाराल, तर महिन्याला परत परत येणारं एक तरी काम, मग ते पंपाचे शाफ्ट असोत की बोटींच्या फिटिंगा, लेखी हातात असल्याशिवाय घेऊ नका. घेतलंत तर जुन्यातलं एक लेथ विकू नका.

आणि मशीन विकणारा जे सांगणार नाही ते ऐका. व्होल्टेज वरखाली झालं की पहिला बळी मोटरींना वीज देणाऱ्या ड्राइव्हचा जातो, तेव्हा चांगला स्टॅबिलायझर. जांभ्या दगडात उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो; त्यात पाणी घालायची जबाबदारी एका माणसाला नेमून द्या. पावसाळ्यात आज कापलेला जॉब उद्या सकाळी तांबूस होतो, त्यामुळं गंजरोधक तेलाचा डबा मशीनशेजारीच. कूलंटचं प्रमाण पाच ते आठ टक्के, आणि ते डोळ्यांनी ठरत नाही, रिफ्रॅक्टोमीटर घ्या. पातळ झालं तर गंज, आणि बंद राहिलं तर सोमवारी शेडमध्ये कुजक्या अंड्यांचा वास.

चतुर्थीचं तर वेगळंच. एका वर्षी आम्ही शेड आठ दिवस बंद ठेवली. मोदक पचवून परत आलो, मेन चालू केला, तर पडद्यावर अलार्म. मशीनला स्वतःचं घरच आठवेना. एन्कोडरची बॅटरी संपली होती. ती बॅटरी मशीन चालू असतानाच बदलायची असते, आणि आम्ही ती उद्या बदलू म्हणत दोन महिने घालवले होते. सगळे अक्ष पुन्हा घरी बसवण्यात एक दिवस गेला, वर पहिला महिना ऑफसेट तपासण्यात. तेव्हापासून आमच्याकडं माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची चौकट, बांधायच्या यादीत पहिली ओळ असते : बॅटरी.

काका, माझी मुलगी दहावी झाली, गणितात चांगली आहे. मशिनिस्ट ट्रेडला जाते म्हणते. घरातले सगळे विरोधात. मुलीनं हे काम करावं का?
— एक आई, वाळपई

करू द्या, ताई. जड जॉब उचलायला बहुतेक ठिकाणी क्रेन असते. बाकी डोकं, डोळे आणि शिस्त. मशिनिस्ट ट्रेड दोन वर्षांचा असतो. गणित आवडतं हे फार मोठं भांडवल. तिला विचारा : लेथवर शाफ्टच्या टोकाला २ मिलिमीटरचा ४५ अंशाचा चॅम्फर, म्हणजे तिरपी कड, काढायचा, झेड २ नं बदलतो, तर एक्स कितीनं? ‘चार’ म्हणाली आणि का ते सांगितलं, तर फॉर्म भरून टाका. (लेथवर एक्स व्यासात मोजतात, आणि टूल एका बाजूनं २ आत गेलं की व्यास ४ नं कमी होतो.)

घरच्यांच्या विरोधातली एक गोष्ट मात्र खरी आहे, शिफ्टची. वाळपईहून वेर्ण्याला रोज ये-जा करायची तर अर्धा जीव बसमध्ये जाईल. सुरुवातीला होंडा, पिसुर्ले, डिचोली, फार तर कुंडई बघा. कंपनीची गाडी रात्री दारापर्यंत सोडते का, हे मुलाखतीत तिनं स्वतः विचारावं. लाजू नये.

सुरक्षेचे नियम मुलामुलींना सारखेच. फिरत्या चकाजवळ हातमोजा घालायचा नाही, ओढणी नाही, बांगडी नाही, केस टोपीत. लांब दोऱ्यासारखी चिप हातानं ओढायची नाही, आकडीनं ओढायची. दरवाजाचा इंटरलॉक, म्हणजे दार उघडं असताना मशीन चालू न देणारं कुलूप, कुणी ‘काम पटकन होतं’ म्हणून तार जोडून बंद केला असेल, तर त्या मशीनवर उभं राहायचं नाही, सुपरवायझर रागावला तरी. १९८३ मध्ये माझा हातमोजा चकात गेला. उजव्या करंगळीचं टोक तेव्हापासून नाही. हे पत्र मी त्याच हातानं लिहितोय.

मी सुतार. देवळांची दारं, चौकटी, मखरं करतो. आता सीएनसी राउटरवर नक्षी करून मिळते. ते हेच मशीन का? आणि त्यावर देवाची मूर्ती होते का?
— मेस्त, पेडणे

भाऊबंदच. जी ०० आणि जी ०१ तेच, पण लाकडाला स्पिंडल अठरा-वीस हजार आरपीएमचं लागतं आणि अंग हलकं चालतं. कमळ, वेल, जाळी, तोरण तो सुंदर काढतो, आणि दहा पाकळ्या दहाही सारख्या. तीन अक्षांचा राउटर वरून खालीच बघतो, त्यामुळं जिथं वरून टूल पोचत नाही, कानामागं, हाराच्या खाली, तिथं लाकूड तसंच राहतं. सबंध मूर्तीला जॉब फिरवणारा चौथा अक्ष तरी लागतो, आणि त्यानंतरही तुमच्या छिन्नीचं काम उरतं. मी बघितलेल्या राउटरच्या मूर्तींचे डोळे तरी मला झोपलेले वाटले. असो.

दार द्यायचं असेल तर दोन गोष्टी करा. नक्षीचा पहिला तुकडा सागवानावर नको, एमडीएफवर काढून घ्या आणि दारावर ठेवून लांबून बघा. आणि दाराच्या कुठल्या कोपऱ्यात शून्य धरायचा, ते पेन्सिलीनं लाकडावरच लिहून पाठवा. तुमच्या डाव्या कोपऱ्याला त्या पोरानं उजवा समजला, की अख्खा गणपती चौकटीबाहेर जातो.